रानवाटेसाठी सुरी, कोयती आणि कुऱ्हाड: बेताच्या पैशांत हत्यार कसं निवडावं

हत्यार विकत घ्यायच्या आधी मागच्या वर्षभरात घराबाहेर आपण नेमकं काय काय कापलं, ते एकदा आठवून पाहा. कांदा, टोमॅटो, काकडी. नायलॉनची दोरी. तांदळाच्या पोत्याची शिवण. तंबूच्या खुंटीसाठी एखादी काठी तासली असेल. शेतघर असेल तर बांधावर माजलेली घाणेरी, वाटेवर आलेली करवंदाची जाळी, पावसात मोडून पडलेली शेवग्याची फांदी. बहुतेकांची यादी इथेच संपते, आणि या यादीत फूटभर लांब पात्याच्या सुरीला कुठेच काम नसतं.

तरीही ऑनलाइन दुकानात पहिल्यांदा सुरी शोधणाऱ्याच्या डोळ्यांत तीच भरते. काळं पातं, पाठीवर करवतीसारखे दात, मुठीच्या बुडात होकायंत्र, मुठीच्या पोकळीत आगपेटी आणि गळ. किंमतही हजार रुपयांच्या आतली. ही सुरी घेऊ नका. पाठीवरचे दात करवतीचे नसतात. करवतीचे दात एक उजवीकडे, एक डावीकडे असे थोडे वाकवलेले असतात, म्हणून पातं लाकडात अडकत नाही. सुरीच्या पाठीवरच्या खाचा लाकूड नुसतं ओरबाडतात आणि हातात घट्ट धरायला गेलं की अंगठ्याखाली टोचतात. मूठ पोकळ असली की पात्याची शेपटी, म्हणजे मुठीत शिरणारा त्याचा भाग, आत बोटभरसुद्धा जात नाही, आणि जोर लावला की सुरी नेमकी तिथेच मोडते. मोडलेलं पातं कुणाच्या दिशेनं उडेल याचा नेम नसतो.

बेताचा पैसा असेल तर तो तीन ठिकाणी जायला हवा: पोलाद, त्या पोलादाला दिलेलं पाणी (म्हणजे तापवून, पाण्यात बुडवून आणलेला कडकपणा), आणि धार लावायचं साहित्य. रंग, पेटी, नक्षी, म्यानावरचे पट्टे हे सगळं नंतर. माझं स्पष्ट मत असं, की सह्याद्रीत फिरणाऱ्या आणि थोडीफार शेती-बाग सांभाळणाऱ्या माणसाला एक छोटी सुरी, लोहाराकडची एक कोयती आणि एक घडीची करवत एवढं पुरतं. कुऱ्हाड या यादीत चौथी येते, आणि पुष्कळांना ती लागतच नाही.

सुरी

पात्याची लांबी तळहाताच्या रुंदीएवढी, म्हणजे ९ ते ११ सेंटिमीटर, असली की भाजीपासून काठी तासण्यापर्यंत सगळं होतं. जाडी अडीच ते तीन मिलिमीटर. मजबूत म्हणून चार-पाच मिलिमीटर जाडीची सुरी घेणारे पुष्कळ भेटतात. तिनं कांदा चिरत नाही, फुटतो. जाड पात्याचं काम कोयती करते, सुरीकडून ते करून घेऊ नये.

सगळ्यात स्वस्त आणि खरोखर चांगला मार्ग स्वयंपाकघरातून जातो. फळं सोलायची, व्हिक्टोरिनॉक्स कंपनीची लहान सुरी भांड्यांच्या मोठ्या दुकानांत सहज मिळते. पातं पातळ, न गंजणारं, वजन जवळजवळ नाहीच. तिला जाड पुठ्ठ्याचं म्यान करून चिकटपट्टीनं गुंडाळलं की डोंगरातल्या स्वयंपाकाचा प्रश्न मिटला. ती लाकडावर ठेवून पाठीवर काठीनं ठोकायचं मात्र नाही.

त्याहून दणकट हवी असेल तर स्वीडनमधल्या मोरा गावची सुरी पाहा. मोराक्निव्ह या कंपनीची कम्पॅनियन नावाची सुरी जगभरच्या गिर्यारोहकांच्या, सुतारांच्या आणि शेतकऱ्यांच्या हातात दिसते, ती रूपासाठी नव्हे. सुमारे १० सेंटिमीटरचं साधं पातं, रबरासारखी पकड देणारी मूठ, प्लास्टिकचं म्यान. धारेच्या दोन्ही बाजूंना एकच सरळ, रुंद उतार असतो. तो उतार दगडावर सपाट टेकवला की कोन आपोआप जमतो, म्हणून धार लावायला शिकणाऱ्यासाठी ही सुरी फार सोयीची. हिच्यात दोन प्रकारचं पोलाद मिळतं. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसात फिरणार असाल तर न गंजणारं घ्या. साध्या कार्बन पोलादाला धार लवकर चढते, पण पावसाळी मुक्कामात एका रात्रीत त्याच्यावर तांबूस ठिपके येतात. कैरी चिरली की पातं काळवंडतं, तो गंज नव्हे. त्या काळपट थरानं पात्याचं काही बिघडत नाही, त्याला घासून काढायच्या फंदात पडू नका.

घडीची सुरी हवी असणाऱ्यांसाठी फ्रान्सची ओपिनेल आहे. लाकडी मुठीला फिरणारं धातूचं कडं असतं, ते फिरवलं की पातं उघडं राहतं आणि बोटांवर मिटत नाही. हे कडं १९५५ पासून तिच्यात आहे. आठ नंबरची, साडेआठ सेंटिमीटर पात्याची, बहुतेक हातांना बसते. हिचा एक दोष पावसाळ्यात कळतो: लाकूड ओलं होऊन फुगतं आणि पातं मुठीत असं रुतून बसतं की नखानं उघडत नाही. घेतल्यावर सांध्याच्या लाकडात तेल मुरवलं तर त्रास कमी होतो. जून-जुलैत भटकणाऱ्यानं मात्र स्थिर पात्याचीच सुरी घ्यावी. जी उघडायला किंवा मिटवायला दोन सुके हात लागतात, तिचा पावसात भरवसा नाही.

नावाजलेल्या सुऱ्यांच्या नकलाही भरपूर फिरतात. अर्ध्या किमतीत मिळाली तर ती अर्ध्या किमतीचीच असते. आणखी एक जपायचं ते ‘दमास्कस’ पोलादाच्या सुऱ्यांबद्दल. पात्यावरच्या लाटा खऱ्या घडाईतून येतात तशाच आम्लानं कोरून किंवा लेझरनं छापूनही काढता येतात. स्वस्तात लाटा दिसल्या तर त्या छापलेल्या आहेत असं धरून चाला.

कोयती

आता खरा विषय. आपल्याकडे घराबाहेरच्या कामाचं सगळ्यात उत्तम हत्यार शेकडो वर्षं घडतं आहे आणि आजही आठवडी बाजारात काही शे रुपयांत मिळतं. कोकणातला शेतकरी कमरेला आकडी बांधून तिच्यात कोयती अडकवतो आणि दिवसभर दोन्ही हात मोकळे ठेवून डोंगर चढतो-उतरतो. फांद्या तोडणं, काटेरी जाळी ओढून बाजूला करणं, नारळ सोलणं, शेणी-लाकडं फोडणं, सगळं तिच्यावर. कोकणी कोयतीचं टोक पक्ष्याच्या चोचीसारखं आत वळलेलं असतं. त्या चोचीनं काट्याची फांदी हात न लावता जवळ ओढता येते, आणि जमिनीलगत तोडताना धार दगडावर आपटण्याआधी चोचीची पाठ टेकते. घाटावरचा उसाचा कोयता वेगळा: पातं रुंद, पातळ, जवळजवळ सरळ. ऊस ओला आणि मऊ, त्यासाठी तो उत्तम. वाळलेल्या बाभळीवर मारला तर धार मुरडते. तेव्हा कोयता मागताना कशासाठी हवा ते लोहाराला सांगा. तो तुम्हाला वेगळं पातं काढून दाखवील.

चांगला कोयता बहुधा ट्रकच्या कमानपाट्याचा असतो. जड गाडीचं वजन झेलत वर्षानुवर्षं लवचीक राहायचं हे त्या पोलादाचं काम, त्यामुळे त्यात साधारण ०.६ टक्के कार्बन असतो. बांधकामाच्या साध्या लोखंडात कार्बन पाव टक्क्याच्याही खाली. त्याला कितीही तापवा आणि कितीही पाण्यात बुडवा, ते कडक होत नाही. त्याचा कोयता दिसायला हुबेहूब तसाच होतो आणि पहिल्याच आठवड्यात त्याची धार वळते. म्हणून ‘पाट्याचा आहे का?’ हा पहिला प्रश्न. उत्तर सगळेच ‘हो’ देतात, म्हणून पुढची परीक्षा आपली आपण करायची.

खिशात एक छोटी जुनी कानस ठेवा आणि विचारून, धारेच्या अगदी कडेला हलकेच फिरवा. पाणी दिलेल्या धारेवर कानस घसरते, दात धरत नाही, आवाज काचेवर फिरल्यासारखा बारीक येतो. आता तीच कानस पाठीकडे फिरवा. तिथे ती दात धरते, करकर करत बारीक कीस पडतो. धार कडक आणि पाठ त्यापेक्षा मऊ, असा कोयता घ्या. दोन्हीकडे कानस सारखीच चावत असेल तर पाणी दिलेलंच नाही. दोन्हीकडे घसरत असेल तर सगळं पातं ठिसूळ असण्याचा धोका आहे, गाठीवर बसलं की तुकडा उडेल. मग पातं उन्हात तिरकं धरून धारेच्या रेषेत बारीक भेगा दिसतात का पाहा. पाण्यात बुडवताना पडलेली भेग केसाएवढी असते आणि पुढे तिथूनच पातं फुटतं. नंतर मूठ सैल धरून पात्यावर बोटाच्या पेरानं टकटक करा. निकोप पातं खणखणीत वाजतं, भेगाळलेलं बद्द.

मुठीकडे लोक बघतच नाहीत, आणि अपघात बहुतेक तिथूनच होतात. लाकडी मूठ असेल तर पात्याची शेपटी तिच्यातून आरपार जाऊन मागे वाकवलेली आहे का, ते पाहा. पुढच्या तोंडाला लोखंडी शेंबी घट्ट बसलेली हवी, नाहीतर लाकूड चिरतं आणि झटक्यात पातं सुटून जातं. हल्ली पाइपाची मूठ वेल्डिंगनं जोडलेले कोयते खूप येतात. ते वाईटच असं नाही, पण जोड पात्याच्या अगदी रुंद भागाला लागून असेल तर वेल्डिंगच्या उष्णतेनं तिथलं पोलाद कमकुवत झालेलं असतं. जोडापासून धार सुरू होईपर्यंत चार बोटं अंतर असलेला कोयता घ्या.

वेळ असेल तर तयार कोयता न घेता डोळ्यांसमोर घडवून घ्या. गावचा लोहार असो की रस्त्याकडेला पाल ठोकून भाता लावून बसलेलं घिसाडी कुटुंब, समोर उभं राहून पाहण्यासारखं काम आहे ते. घडवून झालेला कोयता लाल होईपर्यंत तापवतात, आणि पाण्यात सगळा बुडवत नाहीत. धारेकडचा बोट-दीड बोट भागच बुडतो. बाहेर काढला की धार काळी पडलेली, पाठ अजून गरम. लोहार दगडाच्या तुकड्यानं धारेजवळचा पट्टा झरझर घासून चकचकीत करतो आणि हात थांबवून बघत राहतो. पाठीतली उष्णता हळूहळू धारेकडे सरकते, आणि त्या चकाकत्या पट्ट्यावर रंग चढत येतात: आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळट. हवा तो रंग धारेला पोचला की पुन्हा पाणी. पिवळ्यावर थांबवलं तर धार कडक पण नाजूक, जांभळ्यावर थांबवलं तर चिवट पण लवकर बोथट होणारी. झाडतोडीच्या कोयत्याला तपकिरी-जांभळ्याच्या मध्येच कुठेतरी थांबवतात. हे सगळं अर्ध्या मिनिटात उरकतं, आणि तुम्ही मोजलेल्या पैशांचा मोठा वाटा या अर्ध्या मिनिटासाठी आहे. तिथे भाव पाडू नका. सकाळच्या वेळी जा, घाई करू नका आणि ‘गाठीच्या लाकडाला लागतो’ एवढं आधी सांगा. पुढच्या वर्षी तोच कोयता पाजवायला त्याच्याकडेच घेऊन जा. त्यानं कुठलं पोलाद वापरलं ते त्याला ठाऊक असतं.

कुऱ्हाड

सह्याद्रीतल्या ट्रेकवर कुऱ्हाड नेऊ नका. जंगलात झाड तोडायचं नाही, उभं वाळलेलंही नाही, आणि गडावर शेकोटीऐवजी गॅसची शेगडी नेणं हेच बरं. मनगटाएवढ्या पडलेल्या फांदीला घडीची करवत पुरते. बागकामाच्या दुकानात फाल्कनसारख्या कंपन्यांच्या करवती मिळतात, कुऱ्हाडीच्या निम्म्याहून कमी वजनाच्या. करवत चुकून निसटली तर हात खरचटतो, कुऱ्हाड निसटली तर नडगी फुटते. नवख्यानं आधी करवत घ्यावी, हा सल्ला मी आग्रहानं देतो.

कुऱ्हाड लागते ती स्वतःच्या जमिनीत, शेतघरात, वाडीत. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा नारळ, पोफळी, आंबा, फणस आडवे झाले आणि गावोगावचे रस्ते बंद पडले. अशा वेळी यंत्र येईपर्यंत हाताशी असतं ते कुऱ्हाड, कोयता आणि करवत. घरात एक चांगली कुऱ्हाड असावी ती अशा दिवसासाठी.

आयात केलेल्या कुऱ्हाडीच्या किमतीत आपल्याकडे चार-पाच कुऱ्हाडी येतात. त्यांची घडण सुंदर असते, पण बेताच्या पैशांत त्यांचा विचार नको. फक्त डोकं विकत घ्या आणि दांडा गावात बसवून घ्या. डोक्याचं वजन ७०० ते ९०० ग्रॅम आणि दांडा ६० सेंटिमीटरच्या आसपास असला की दोन्ही हातांनी मारता येतं आणि शेतघराची बहुतेक कामं होतात. दांड्याची लांबी मोजायची साधी रीत: डोकं तळहातात धरून हात सरळ लांब करा, दांड्याचं टोक काखेपर्यंत आलं पाहिजे. एका हाताची आखूड कुऱ्हाड छोटी म्हणून सुरक्षित वाटते, पण घाव चुकला तर तिची फेरी सरळ गुडघ्यावर येऊन संपते. लांब दांड्याची चुकली तर बहुधा जमिनीत जाते. आखूड वापरायचीच असेल तर गुडघ्यावर बसून वापरा.

डोकं निवडताना दांडा बसवायच्या भोकातून आरपार पाहा. भोक धारेच्या रेषेत सरळ हवं, तिरकं असेल तर दांडा कितीही चांगला बसवा, घाव वाकडाच पडणार. भोकाच्या भिंती दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या हव्यात. कानशीची परीक्षा इथेही करा. बाजारातली नवी कुऱ्हाड धार लावून मिळत नाही असंच समजा. तिच्या कडेचा जाडपणा कानशीनं उतरवायला एक सकाळ द्यावी लागते.

दांड्याला धामणीच्या झाडाचं लाकूड मिळालं तर दुसरं काही बघू नका. चिवट, लवचीक, हाताला झटका देत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कुऱ्हाडीला धामणच पसंत करतात. नाही मिळाली तर बाभूळ. लाकडाचे तंतू दांड्याच्या लांबीला धरून सरळ जायला हवेत. मध्येच बाहेर पळणारे तंतू दिसले तर दांडा तिथेच मोडेल. गाठ तर नकोच. रंग किंवा वॉर्निश फासलेला दांडा टाळा, त्याखाली गाठी आणि भेगा लपतात, आणि घामेजलेल्या हाताला तो निसटतो. कोरडा दांडा घ्या आणि त्याला जवसाचं तेल चोळा, चार दिवसांच्या अंतरानं दोन-तीनदा.

डोकं सैल झालं की कुऱ्हाड पाण्यात भिजत ठेवायची रीत गावोगाव आहे. तासाभराच्या कामासाठी ती ठीक. लाकूड फुगतं, भोकात चेपतं आणि वाळलं की आधीपेक्षा बारीक होतं, म्हणजे पुढच्या वेळी डोकं जास्त सैल. खरा उपाय नवी पाचर ठोकणं हाच. आणि एक सवय सोडा: लाकडात अडकलेली कुऱ्हाड सोडवण्यासाठी किंवा ओंडका फोडण्यासाठी तिच्या पाठीवर हातोडा मारू नका. भोक फाकतं, मग कुठलाच दांडा तिच्यात टिकत नाही. फोडायचंच असेल तर लोखंडी पाचर वेगळी घ्या.

कायदा आणि प्रवास

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी वाचा. शस्त्र नियम, २०१६ नुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीची, वैज्ञानिक आणि औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. शेतावर नेलेला कोयता अवजार ठरतो. तोच कोयता रात्री मोटारसायकलच्या सीटखाली सापडला तर उत्तर देणं जड जाईल. पुण्यात गेल्या काही वर्षांत कोयते घेऊन दहशत माजवण्याचे प्रकार झाल्यानंतर पोलीस याकडे बारकाईनं बघतात. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली अनेक जिल्ह्यांत, विशेषतः सणासुदीला आणि निवडणुकांच्या काळात, हत्यारं बाळगण्यावर बंदीचे आदेश निघतात. कोयता, कुऱ्हाड नेताना धार झाकून, कापडात बांधून, सामानाच्या तळाशी ठेवा आणि कामाच्या जागीच बाहेर काढा. दुकानाची पावती असेल तर जवळ राहू द्या. विमानात हातसामानात छोटी सुरीही चालत नाही, ती तळाच्या सामानात द्यावी लागते.

ट्रेकर मंडळींना सहसा माहीत नसलेली गोष्ट पुढची. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ नुसार अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत सुरीही आहे. हरिश्चंद्रगड, कळसूबाई, भीमाशंकर, कोयनेचा परिसर, चांदोली, राधानगरी इथल्या वाटा अभयारण्यांतून किंवा राष्ट्रीय उद्यानातून जातात. तिथे भाजी घरून चिरून न्या, आणि सुरी न्यावीशी वाटली तर आधी वन विभागाच्या चौकीवर विचारा. कोयता, कुऱ्हाड तर तिथे न्यायचीच नाही.

धार आणि निगा

दोन हजार रुपये खर्च करणार असाल तर त्यातले पाचशे धारेच्या साहित्यासाठी बाजूला काढा. लागतं तरी काय: कार्बोरंडमचा दोन बाजूंचा दगड, एक बाजू भरड आणि एक बारीक, कोयता-कुऱ्हाडीसाठी एक सपाट कानस, आणि जुना कातडी पट्टा. कानस जे. के. ची घ्या, तिचा एक कारखाना आपल्या रत्नागिरीतच आहे, आणि तालुक्याच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात ती मिळते.

सायकलच्या चाकावर किंवा विजेच्या मोटरवर चाक फिरवून धार लावणाऱ्याकडे चांगली सुरी देताना सांभाळा. ठिणग्यांचा झोत उडाला आणि धारेच्या कडेला निळसर झाक आली, की त्या जागेचं पाणी गेलं म्हणून समजा. साधं कार्बन पोलाद निळं पडतं ते साधारण ३०० अंश सेल्सिअसला, आणि इतकी तापलेली धार मऊ पडते. एक दिवस ती वस्तरा वाटते, आठवड्यात बोथट होते, आणि माणूस सुरीला दोष देतो. मोठी खोक पडली तरच चाक वापरावं, तेही दर दोन-तीन फेऱ्यांनंतर पातं पाण्यात बुडवून.

घरी धार लावताना खरा प्रश्न कोनाचा असतो. कागदाचा काटकोनी कोपरा एकदा दुमडला की ४५ अंश, पुन्हा दुमडला की साडेबावीस. तो कागद दगडावर उभा धरून पातं त्याच्या उताराला लावा, हाताला कोन कळतो. मोराच्या सुरीचा उतार आहे तसाच टेकवा, बाकीच्या सुरीला एवढाच कोन ठेवा, कोयत्याला थोडा जास्त, कुऱ्हाडीला त्याहून जास्त. मग दगड ओला करून एकाच बाजूनं घासत राहा, दुसऱ्या बाजूच्या कडेला नखाला अडकेल अशी बारीक कड येईपर्यंत. ती कड मुठीपासून टोकापर्यंत सलग आली की मगच बाजू बदला. पुष्कळांची धार जमत नाही ती इथेच. कड यायच्या आधीच ते बाजू बदलतात. शेवटी कातड्यावर धार मागे ठेवून आठ-दहा हात ओढा. पातं दिव्याखाली धारेवरून बघा: जिथे चकाकती रेषा दिसते तिथे धार नाही, कारण धारेवर उजेड परतवायला जागाच उरत नाही.

कोयत्याला कानस नेहमी धारेकडून पाठीकडे, एकाच दिशेनं ढकला, आणि हातात जाड मोजा घाला. कामाच्या दिवशी दर तासाला चार-पाच हात मारले की संध्याकाळी दगड घेऊन बसावं लागत नाही.

चामड्याच्या म्यानात सुरी पावसाळाभर ठेवू नका. चामडं ओल धरतं आणि पातं आतून गंजतं. घरी आल्यावर पातं धुऊन, वाळवून, खायच्या सुरीला खोबरेल तेलाचा हात द्या, कोयता-कुऱ्हाडीला यंत्राचं तेल चाललं तरी हरकत नाही. मे महिन्याच्या शेवटी, पाऊस लागायच्या आधी, एकदा सगळं काढून तेल चोळावं. कुऱ्हाडीच्या धारेला आवरण फुकट होतं: धारेच्या लांबीएवढा पाण्याच्या प्लास्टिक पाइपचा तुकडा उभा चिरून धारेवर बसवायचा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गोल कापून त्यावर ताणून घालायची. कोयतीलाही हेच.

वापरताना समोर आणि दोन्ही बाजूंना हात लांब करून हत्यार कुणाला लागत नाही ना, ते आधी पाहा. फांदीच्या ज्या बाजूला तुमचा पाय आहे त्या बाजूनं घाव घालू नका. पायात चप्पल असताना कुऱ्हाड उचलू नका. दुसऱ्याच्या हातात देताना मूठ पुढे करा, आणि त्यानं ‘धरली’ म्हटल्यावरच सोडा. पिशवीत सुरीबरोबर जाड बँडेजची गुंडाळी आणि स्वच्छ कापड हवंच. कापलं तर हळद, तंबाखू, माती काही लावायचं नाही. कापडानं जखम घट्ट दाबून धरा, हात किंवा पाय वर उचला, आणि सलग दहा मिनिटं कापड उचलून बघू नका. रक्त थांबत नसेल तर दाब तसाच ठेवून दवाखाना गाठा, आणि तिथे धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते सांगा.